न सांगता गेलेला माणूस
('127 अवर्स' हा चित्रपट आणि त्यामागची घटना)

26 एप्रिल 2003, शनिवारची दुपार. अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्लूजॉन कॅन्यन नावाच्या अरुंद घळीतून अ‍ॅरन रॉल्स्टन हा 27 वर्षांचा गिर्यारोहक एकटाच खाली उतरत होता. दोन कातळभिंतींमध्ये अडकलेल्या एका धोंड्याला लोंबकळून त्याने खाली पाय सोडले आणि तो धोंडा फिरला. सुमारे 360 किलो वजनाच्या त्या दगडाने त्याचा उजवा हात मनगटापाशी भिंतीशी दाबून धरला. पुढच्या गुरुवारी, 1 मे रोजी, तो घळीतून बाहेर पडला तेव्हा तो हात मागेच राहिला होता. स्वतःच्या हाताची हाडं मोडून, बोथट चाकूने उरलेला भाग कापून त्याने स्वतःला सोडवलं होतं.

या घटनेवर रॉल्स्टनने 2004 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 2010 मध्ये डॅनी बॉइल यांनी '127 अवर्स' हा चित्रपट केला. जेम्स फ्रँकोने रॉल्स्टनची भूमिका केली. ऑस्करसाठी सहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. हात कापण्याच्या प्रसंगाला प्रेक्षागृहात माणसांना भोवळ आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या आणि चित्रपटाची ओळख पुढे त्या एका प्रसंगापुरतीच उरली.

एकट्या माणसाच्या तगून राहण्यावरचे चित्रपट हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. अभ्यास म्हणजे काय, तर फिल्म सोसायटीत बसून घडलेला डोळा, मिळतील ती पुस्तकं आणि प्रसंगांच्या नोंदी केलेल्या वह्या. या विषयाचं कुठलंही रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. या वह्यांमध्ये '127 अवर्स'ने सगळ्यांत जास्त पानं घेतली आहेत, कारण एक साधा प्रश्न मला सोडत नाही. ही गोष्ट सगळीकडे 'एकट्याच्या जिद्दीची' म्हणून सांगितली जाते. ती खरोखर एकट्याची आहे का?

घळ आणि धोंडा

आधी जागा समजून घेऊ. युटाचा हा भाग कोलोरॅडोच्या पठारात मोडतो. इथला खडक वालुकाश्म, म्हणजे वाळूचे थर दाबून झालेला. या प्रदेशात पाऊस कमी, पण पडतो तेव्हा धो धो पडतो. उघड्या खडकावरून पाणी जिरत नाही, लोंढा होऊन धावतं आणि सोबतच्या वाळू-गोट्यांनी खडक कापत नेतं. अशा हजारो लोंढ्यांनी कोरलेली घळ वरून पाहिली तर जमिनीला पडलेली भेगच वाटते. रॉल्स्टन अडकला तिथली रुंदी जेमतेम तीन फूट होती.

आपल्याकडच्या डोंगरभटक्यांना साम्रदची सांदण दरी माहीत असेल. तीही अशीच अरुंद, आत ऊन क्वचित पोचणारी. फरक खडकाचा. सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाचा, कठीण आणि काळा. तिकडचा वाळूचा, मऊ आणि तांबूस. पण लोंढ्यासोबत आलेले दगड दोन भिंतींमध्ये अडकून बसणं दोन्हीकडे सारखंच. घळीतून उतरणारे लोक अशा दगडांवर पाय देतात, त्यांना धरून लोंबकळतात. त्यातला एखादा दगड घट्ट बसला आहे की नुसता टेकला आहे, हे त्यावर भार पडेपर्यंत कळत नाही. रॉल्स्टनने काही वेडं साहस केलं नव्हतं. घळीत उतरणारा कुणीही करतो तेच केलं होतं.

त्याच्यापाशी जेमतेम लिटरभर पाणी, दोन बरिटो, चढाईचा दोर, कड्या, एक कॅमेरा, एक व्हिडिओ कॅमेरा आणि एक स्वस्तातलं बहुपयोगी चाकू-हत्यार होतं. तो शिकलेला यांत्रिक अभियंता. इंटेल कंपनीतली नोकरी 2002 मध्ये सोडून डोंगरांच्या मागे लागलेला. त्यामुळे त्याने केलेले प्रयत्नही अभियंत्याचे होते. चाकूने दगड टोकरून पाहिला. मग दोर वर अडकवून, कड्यांमधून फिरवून दगड उचलायची कप्पी बांधली. ती का चालली नाही, हे समजण्यासारखं आहे. खऱ्या कप्पीत चाक फिरतं. इथे दोर धातूच्या कडीवर घासत होता, त्यामुळे लावलेला बराचसा जोर घर्षणात जात होता. शिवाय चढाईचा दोर मुद्दाम ताणणारा बनवतात, पडणाऱ्या माणसाला एकदम हिसका बसू नये म्हणून. माणूस वाचवणारा हा गुण वजन उचलताना आडवा येतो. माणूस ओढत राहतो, दोर लांबत राहतो, दगड जागेवरच.

हात कापण्याचा विचार त्याच्या मनात लवकरच आला होता. अडचण हाडांची होती. त्या चाकूने हाड कापणं शक्य नव्हतं. गुरुवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं की हात दगडात पक्का धरला गेला आहे, तर तीच पकड वापरून, शरीराचा जोर लावून हाडं मोडता येतील. ज्या दगडाने त्याला धरून ठेवलं होतं, त्याचाच आधार घेऊन तो सुटला. पुढचं सगळं उरकायला साधारण तासभर लागला. त्यानंतर एका हाताने दोर लावून सुमारे 65 फुटांचा कडा उतरायचा आणि उन्हात मैलोन् मैल चालायचं बाकी होतं.

127चा हिशेब

चित्रपटाच्या नावातला आकडा बहुतेक ठिकाणी 'तो 127 तास अडकून होता' असा सांगितला जातो. मी सहज कागदावर मांडून पाहिला, तर जमेना. शनिवारच्या दुपारी अडकलेला माणूस गुरुवारी दुपारच्या आधी मोकळा झाला. हे तास 120 सुद्धा भरत नाहीत. दगडाखाली सापडल्या क्षणापासून 127 मोजले तर गुरुवारची रात्र उजाडते, आणि तोवर तो इस्पितळात पोचलेला होता. उलट शनिवारी सकाळी आठ-नऊला, तो सायकल घेऊन निघाला त्या सुमारापासून मोजायला लागलं, की 127 तास गुरुवारी दुपारी तीन-चारला संपतात. हेलिकॉप्टरने त्याला उचलून नेलं ती हीच वेळ.

हा हिशेब मला केवळ गंमत म्हणून महत्त्वाचा वाटत नाही. अशा मोजणीत हा आकडा अडकण्याचा राहत नाही. माणसांचं जग मागे टाकल्यापासून पुन्हा माणसांच्या हाती लागेपर्यंतचा तो आकडा होतो. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे होतं की नव्हतं, याने फरक पडत नाही. चित्रपटही मुख्यतः तेवढाच काळ दाखवतो.

एकटा माणूस बोलणार कुणाशी?

एकट्या माणसाचा चित्रपट करणाऱ्या प्रत्येकापुढे पहिली अडचण येते ती बोलण्याची. माणूस एकटा असेल तर तो बोलणार कुणाशी, आणि बोललाच नाही तर त्याच्या मनातलं प्रेक्षकाला कळणार कसं? माझ्या नोंदींत यावरचे चार-पाच उपाय सापडतात. 'कास्ट अवे'मध्ये (2000) टॉम हँक्सचा माणूस एका व्हॉलीबॉलला नाव देतो आणि त्याच्याशी बोलतो. 'टचिंग द व्हॉइड'मध्ये (2003) पेरूच्या सिउला ग्रांदे शिखरावर 1985 साली पाय मोडून मागे राहिलेला जो सिम्पसन स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसून हकिगत सांगतो आणि नट ती करून दाखवतात. 'ऑल इज लॉस्ट'मध्ये (2013) रॉबर्ट रेडफर्ड जवळपास बोलतच नाही. सगळं त्याच्या हातांच्या हालचालींवर सोडलेलं आहे. आपल्याकडच्या विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'ट्रॅप्ड'मध्ये (2017) राजकुमार राव मुंबईत प्रभादेवीच्या एका रिकाम्या टॉवरमध्ये कोंडला जातो. सोबतीला असतो एक उंदीर. खाली लाखो माणसं आणि वर एकटा माणूस, ही मांडणी मुंबईकराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

'127 अवर्स'ला हा उपाय घटनेनेच दिला. रॉल्स्टनकडे खरोखर व्हिडिओ कॅमेरा होता आणि त्याने त्यावर घरच्यांसाठी निरोप नोंदवले होते. ते चित्रण बॉइल आणि फ्रँको यांना त्याने दाखवलं. चित्रपटात या कॅमेऱ्याचा वापर हळूहळू बदलत जातो. सुरुवातीला तो मिरवण्यासाठी आहे: बघा, मी कुठे आलोय. मग तो नोंदवही होतो: किती वाजले, पाणी किती उरलं. नंतर एका प्रसंगात तो आरसा होतो. फ्रँको रेडिओवरच्या मुलाखतीचं सोंग करतो, स्वतःच प्रश्न विचारतो, स्वतःच उत्तरं देतो. कुठे जातोस ते कुणाला सांगितलं होतंस का, हा प्रश्न येतो तेव्हा सोंग गळून पडतं. शेवटी कॅमेरा निरोपाचा होतो.

म्हणजे पडद्यावर एकटा दिसणारा हा माणूस सतत कुणाला तरी उद्देशून बोलतो आहे. आई, वडील, बहीण, सोडून गेलेली मैत्रीण आणि अजून न जन्मलेला एक मुलगासुद्धा. हा मुलगा पटकथाकारांच्या कल्पनेतला नाही. आपल्याला एका लहान मुलाचा भास झाला आणि त्यातून बळ मिळालं, असं रॉल्स्टनने सांगितलं आहे. चित्रपट आला त्याच वर्षी तो खरोखर एका मुलाचा बाप झाला.

चित्रपटाची सुरुवातही यासाठीच पाहण्यासारखी आहे. पडद्याचे तीन भाग करून बॉइल गर्दी दाखवतात: रस्त्यांवरची, स्टेडियममधली. त्यातच आपला नायक सामान भरतो आहे. फडताळात हात घालून तो चाचपडतो, पण आतला चांगला स्विस चाकू त्याच्या बोटांना लागत नाही. घरच्यांचा फोन वाजतो, तो उचलत नाही. पहिल्या काही मिनिटांत आलेल्या या दोन छोट्या गोष्टींची किंमत नंतर तासभर मोजली जाते. बॉइल यांनी याआधी याच पटकथाकार सायमन बोफॉय, छायालेखक अँथनी डॉड मँटल आणि संगीतकार ए. आर. रहमान यांच्यासोबत मुंबईच्या गर्दीत 'स्लमडॉग मिलियनेअर' (2008) केला होता. माणसांनी खच्चून भरलेल्या शहरातून हीच मंडळी दोन वर्षांत एका भेगेत उतरली आणि जाताना गर्दी सोबत घेऊन गेली, असं मला वाटतं.

जे ऐकू येतं

कापण्याच्या प्रसंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो पाहवला नाही म्हणून चित्रपट अर्धवट सोडलेले बरेच जण मला भेटले आहेत. तो प्रसंग रक्तापेक्षा आवाजावर उभा आहे. हाड मोडतं तेव्हा गोळी सुटल्यासारखा आवाज येतो. चाकू मज्जातंतूला लागतो तेव्हा विजेच्या तारेतून यावा तसा कर्कश सूर कानात घुसतो. वेदना पडद्यावर दाखवता येत नाही. दिसतो तो चेहरा आणि जखम. पण तीक्ष्ण आवाज ऐकणाऱ्याच्या शरीरातच शहारा उठवतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. माणसांना भोवळ आली ती यामुळे असावी, असा माझा तर्क आहे.

जे दाखवलं नाही

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चित्रपट आपल्याला घळीतून बाहेर नेतो तो फक्त रॉल्स्टनच्या आठवणींत आणि भासांत. त्याच्या आईकडे किंवा कामाच्या ठिकाणी कॅमेरा एकदाही जात नाही. त्यामुळे पाहणाऱ्याची समजूत होते की बाहेरच्या जगाला काही पत्ताच नव्हता. तो एकट्याने सुटला, चालत निघाला, वाटेत एक डच कुटुंब भेटलं, त्यांनी मदत बोलावली आणि हेलिकॉप्टर आलं.

प्रत्यक्षातला क्रम वेगळा होता. रॉल्स्टन कामावर परतला नाही, तेव्हा तिथल्या माणसांनी काळजीने चौकशी सुरू केली. आईने पोलिसांचा पिच्छा पुरवला. त्याची गाडी हॉर्सशू कॅन्यनच्या वाटेच्या तोंडाशी उभी सापडली आणि गुरुवारी शोधासाठी हेलिकॉप्टर हवेत होतं. डच कुटुंबाने त्याला पाणी आणि बिस्किटं दिली, त्यांतले काही मदतीसाठी पुढे धावले. पण हेलिकॉप्टर मुळात त्यालाच शोधत आलेलं होतं.

याचा अर्थ रॉल्स्टनच्या धैर्याला उणेपणा येतो असा नाही. पण काळाचं गणित मांडून पाहा. त्याने रविवारी किंवा सोमवारी हात कापला असता, तर तो तसाच उन्हात चालत निघाला असता आणि त्याला कुणीही शोधत नसतं, कारण तो हरवला आहे हेच कुणाला कळलेलं नव्हतं. रक्तस्रावाने तो वाटेतच संपला असता. अजून थांबला असता, तर दगडापाशीच मेला असता. हे स्वतः रॉल्स्टननेही बोलून दाखवलं आहे. सुटकेनंतर साधारण चार तासांत तो डॉक्टरांच्या दिशेने उडत होता, तेव्हा त्याच्या शरीरातलं सुमारे चतुर्थांश रक्त गेलेलं होतं. तो जगला, कारण आतून त्याने आणि बाहेरून इतरांनी एकाच दिवशी एकमेकांच्या दिशेने वाट काढली. यातली अर्धी वाट चित्रपटाने झाकली आहे.

मी याला चित्रपटाचा खोटेपणा म्हणणार नाही. कॅमेरा बाहेर नेला असता, तर घळीचा कोंडमारा फुटला असता आणि सुटका होणार हे प्रेक्षकाला आधीच कळलं असतं. कलेच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर आहे. मात्र त्या निर्णयामुळे गोष्टीचं तात्पर्य सरकलं, हे अभ्यासकाने नोंदवायला हवं.

ज्याच्यासाठी कुणी आलं नाही

हे तात्पर्य सरकलं तर बिघडतं काय, हे पाहण्यासाठी दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवू. ख्रिस्तोफर मॅककँडलेस हा तरुण 1992च्या एप्रिलमध्ये अलास्काच्या रानात एकटाच शिरला आणि एका सोडून दिलेल्या बसमध्ये राहिला. परतायला निघाला तेव्हा नदीला पूर होता, म्हणून मागे फिरला. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस उपासमारीने तो मेला. थोड्याच अंतरावर नदी ओलांडण्यासाठी तारेवरून हाताने ओढायचा पाळणा होता. त्याच्याकडे नकाशा असता, तर तो सापडण्याची शक्यता होती. तो कुठे आहे हे घरी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्या रानात त्याचा शोधही झाला नाही. जॉन क्राकाउर यांनी त्याच्यावर 'इन्टू द वाइल्ड' हे पुस्तक लिहिलं आणि शॉन पेन यांनी 2007 मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. पुस्तक आणि चित्रपटानंतर ती बस पाहायला जगभरातून तरुण जाऊ लागले. काहींना सोडवून आणावं लागलं, दोघी जणी ती नदी ओलांडताना वाहून गेल्या. अखेर जून 2020 मध्ये हेलिकॉप्टरने ती बस तिथून उचलून नेण्यात आली.

एकटेपणाची गोष्ट सुंदर करून सांगितली की माणसं त्या वाटेने जातात. म्हणून अशा चित्रपटांमध्ये काय दाखवलं आणि काय झाकलं हा प्रश्न केवळ रसिकतेचा उरत नाही. आपल्याकडेही एकट्याने डोंगर चढण्याची हौस वाढली आहे आणि त्याची छायाचित्रं मोबाइलवर रोज दिसतात. त्या छायाचित्रांत लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची, रात्री-अपरात्री हातातलं काम टाकून दोर खांद्यावर घेऊन निघणारी माणसं दिसत नाहीत. वाट चुकलेला माणूस सापडला की बातमी त्याच्या धैर्याची होते. शोधणाऱ्यांना पहिला प्रश्न पडलेला असतो तो एवढाच, की कुठून सुरुवात करायची?

मराठीत घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लहानपणी 'जातो' म्हटलं की मोठी माणसं दटावायची. अशुभाची भीती त्यात होतीच, पण मला त्यात व्यवहारही दिसतो. 'येतो' हे कुणाला तरी सांगावं लागतं. मग कुठे चाललास आणि कधी येणार हे दोन प्रश्न आपोआप येतात आणि आपण आलो नाही तर कुणाला तरी चैन पडत नाही. रॉल्स्टनला कामावरची माणसं आणि आई होती, म्हणून न सांगता जाऊनही त्याचा माग निघाला. मॅककँडलेसने तो धागाच ठेवला नव्हता.

रॉल्स्टनने डोंगर सोडले नाहीत. कोलोरॅडोतली 14,000 फुटांवरची सगळी शिखरं हिवाळ्यात एकट्याने चढण्याचा त्याचा संकल्प अपघाताआधीचा होता. कृत्रिम हात लावून 2005 मध्ये त्याने तो पुरा केला. म्हणजे एकट्याने जाणं त्याने चूक मानलं नाही. चित्रपट संपताना पडद्यावर काही ओळी येतात. तो अजूनही डोंगरांत जातो, पण आता कुठे चाललो आहे याची चिठ्ठी नेहमी मागे ठेवून जातो, असं त्यांतली शेवटची ओळ सांगते. दिवे लागेपर्यंत थांबायची सवय नसलेल्या प्रेक्षकांकडून ही ओळ निसटते. माझ्या वहीत मात्र या चित्रपटाच्या सगळ्या नोंदींमध्ये सर्वांत ठळक अधोरेखित केलेली ओळ तीच आहे.